पोच मिळाली का? गरज, हक्क आणि मधला कागद

ओसरी

हे ललित लेखांच्या विभागात नाही, 'काथ्याकूट' या चर्चेच्या विभागातच टाकतेय, कारण मला खरंच वाद हवाय.

आमच्याकडे धुणंभांड्याला येणाऱ्या मावशींचा अंगठा उमटत नाही. वय साठीच्या पुढे, चाळीस वर्षं साबण, राख आणि तारेची घासणी. बोटांवरच्या रेषाच झिजून गेल्यात. गेल्या महिन्यात रेशन दुकानातल्या मशीनवर त्यांनी चार वेळा अंगठा ठेवला. एकदा नुसता, एकदा पदराला पुसून, एकदा ओला करून, एकदा डोक्याचं तेल लावून (हा सल्ला रांगेतल्याच बाईचा). मशीन काही मानेना. पाचव्यांदा हात पुढे केला तर मागून आवाज आला, 'आजी, बाकीच्यांना घेऊ द्या की.' त्या बाजूला झाल्या. ओटीपी ज्या नंबरवर जातो तो फोन मुलाकडे, आणि मुलगा सुरतेला.

घरात त्या आणि नात. माणशी ५ किलो म्हणजे १० किलो धान्य. मला कळलं तेव्हा मी संध्याकाळी वाण्याकडून १० किलो तांदूळ आणून दिले. चांगला होता, रेशनपेक्षा बराच चांगला. मावशींनी घेतला, आढेवेढे न घेता. मग दारात चपला घालताना म्हणाल्या, 'ताई, हे तुमचं झालं. तिथं होतं ते माझं होतं.'

तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. पोटाच्या हिशेबानं दोन्ही तांदूळ सारखे. गरज म्हणाल तर भागली. मग त्या बाईंचं नेमकं काय गेलं?

१९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं २५ वं कलम अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाणी हे सगळं प्रत्येकाच्या हक्कात धरतं. कॉलेजात तत्त्वज्ञान होतं तेव्हा मी हे कलम पाठ केलं होतं. पण मूलभूत गरज आणि हक्क या दोन शब्दांच्या मधली जागा मला पहिल्यांदा दिसली ती चपला घालणाऱ्या मावशींमुळे. बोला.

खडूस_करदाता

बोलतो. पहिल्यांदा मावशींना जे झालं ते वाईटच, मशीनच्या नावानं बोटं मोडायला मीही येतो.

पण गरज आहे म्हणून हक्क, ही उडी मला कधीच पटलेली नाही. मला आठ तास झोपेची गरज आहे, मिळते पाच तास. कोणावर दावा लावू? हक्क म्हटला की समोर कोणावर तरी कर्तव्य येतं. 'माझं बोलणं बंद करू नका' हा हक्क मला समजतो, त्यासाठी समोरच्याला फक्त गप्प बसावं लागतं. 'मला धान्य द्या' म्हटलं की कोणाच्या तरी शेतातून, कोणाच्या तरी खिशातून ते यावं लागतं. त्याला दान म्हणा, धोरण म्हणा, माणुसकी म्हणा, माझी हरकत नाही. हक्क म्हणू नका. आणि ओसरीताईंनी दिलेला तांदूळ मला जास्त मोलाचा वाटतो, कारण तो स्वतःहून दिला.

चिंचपोकळीकर

झोपेचा दावा घरच्यांवर लावा. हलके घ्या.

गाळीव_विद्यार्थी

खडूसराव, तुमची शंका टिंगल करण्यासारखी अजिबात नाही. ज्या हक्कांसमोर कर्तव्य करणारा माणूस दाखवता येत नाही त्यांना तत्त्वज्ञानात 'जाहीरनाम्यातले हक्क' म्हणतात, आणि ओनोरा ओ'नील यांच्यासारख्या विचारवंतांनी हीच हरकत फार नेटानं मांडली आहे: अन्नाचा हक्क सगळ्यांकडे मागायचा म्हणजे नेमका कोणाकडे?

पण तुमचा तो 'गप्प बसण्याचा' भेद तपासून बघा. मला कोणी मारू नये, हा तुमच्या यादीतला हक्क. तो नुसत्या गप्प बसण्यानं मिळतो का? पोलीस लागतात, कोर्ट लागतं, रस्त्यावर दिवे लागतात, त्या सगळ्याला पैसा लागतो आणि तो तुमच्याच खिशातून जातो. अमेरिकी तत्त्वज्ञ हेन्री शू यांनी १९८० मध्ये हा धागा पकडला. त्यांचं म्हणणं, प्रत्येक हक्काच्या पाठीशी तीन कामं असतात: हिरावून न घेणं, दुसऱ्याला हिरावू न देणं, आणि हिरावलं गेलंच तर भरून देणं. हे अन्नालाही लागू आणि जिवालाही. शिवाय जो उपाशी आहे त्याला बाकीचे हक्क वापरताच येत नाहीत. मालकानं 'उद्यापासून येऊ नको' म्हटलं की ज्याची चूल विझते, त्याच्या भाषणस्वातंत्र्याला काय अर्थ?

आता ओसरीताईंच्या प्रश्नाकडे. शूंच्या मांडणीत हक्क म्हणजे वस्तू हातात असणं नव्हे, ती हातात राहील याची समाजानं घेतलेली हमी. मावशींना तांदूळ मिळाला, हमी मिळाली नाही. पुढच्या महिन्यात ओसरीताई गावाला गेल्या तर?

तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांचा तळ्यात बुडणाऱ्या मुलाचा दाखला अनेकांना माहीत असेल, १९७२ चा, पूर्व बंगालातल्या निर्वासितांच्या निमित्तानं लिहिलेला. चप्पल-कपडे भिजतील म्हणून तुम्ही मुलाला बुडू देणार का? युक्तिवाद जबरदस्त आहे, पण त्यात सगळं लक्ष काठावरच्या माणसाकडे असतं. त्यानं काय करावं, त्याचं मन त्याला काय सांगेल. तळ्यातलं मूल बोलतच नाही. मावशी बोलल्या.

ओसरी

'तळ्यातलं मूल बोलतच नाही' हे वाचून थांबले जरा. होय, मी काठावरचीच होते त्या दिवशी, आणि (कबूल करते) जरा खूशही होते स्वतःवर.

माणदेशी

मी तत्त्वज्ञान वाचलेलं नाही, रोजगार हमी बघितलेली आहे.

बहात्तरच्या दुष्काळात माझी आजी पाझर तलावाच्या कामावर होती. खडी फोडायची, माती टाकायची. दुपारी सुकडी मिळायची, संध्याकाळी घरी मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची भाकरी, लाल आणि घशाखाली न उतरणारी. मे १९७३ मध्ये राज्यात अशा कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. सांगायचंय ते हे की, आजी आयुष्यात कधी 'दुष्काळात मदत मिळाली' असं म्हणाली नाही. 'दुष्काळात मी तळ्यावर होते' म्हणायची. मुंबईचा माणूस 'मी मिलमध्ये होतो' म्हणतो ना, अगदी तस्सं. हाताला घट्टे होते आणि सांगताना मान ताठ.

ही कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची. त्यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात विसापूरला आधी करून बघितली. १९७२ ला राज्यभर गेली, १९७७ ला कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. आमच्याकडे जुनी माणसं अजून 'पागे योजना' म्हणतात.

या कायद्याचा सगळा जीव एका शब्दात आहे: मागणी. काम सरकार देणार ते दया आली म्हणून नाही, मजुरानं मागितलं म्हणून. २००५ च्या केंद्राच्या रोजगार हमी कायद्यात पण तेच आलं. नमुना ४ भरायचा, ग्रामपंचायतीत द्यायचा, आणि तारीख टाकलेली पोच घ्यायची, तो नमुना ५. त्या तारखेपासून पंधरा दिवसांत काम नाही दिलं तर बेकारी भत्ता. म्हणजे घड्याळ चालू होतं ते भुकेपासून नाही, पोचेच्या तारखेपासून.

आता गंमत ऐका. मी काही वर्षं गावातल्या बायकांचे नमुने भरून द्यायचो. अर्ज सगळीकडे घेत. 'ठेवा टेबलावर, बघतो.' काम पण बऱ्याचदा काढत. पण पोच? पोच मागितली की माणसाचा चेहरा बदलायचा. एक जण तर सरळ म्हणाला, 'काम देतो म्हटलं ना, मग कागद कशाला? विश्वास नाही का?' मी त्या दिवशी शिकलो ते कुठल्या पुस्तकात असेल तर गाळीवभाऊंनी सांगावं. काम द्यायला त्याची ना नव्हती. बाईनं आपल्याला जाब विचारू शकावं, याला ना होती.

मागणं दोन प्रकारचं असतं. भीक पण मागतात आणि येणं पण मागतात. मधे फक्त पोच असते.

काळा_कोट

माणदेशींचा प्रतिसाद प्रिंट काढून चेंबरमध्ये लावावा असा.

कायद्याच्या बाजूनं थोडं. आपल्या घटनेत गरजा आणि हक्क वेगवेगळ्या कपाटांत ठेवलेत. भाषण, समता, जीवित हे मूलभूत हक्कांत. काम, शिक्षण, बेकारीत आणि म्हातारपणात साहाय्य हे ४१ व्या कलमात, मार्गदर्शक तत्त्वांत, आणि तेही 'राज्याच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत'. शिवाय ३७ वं कलम स्पष्ट सांगतं की ही तत्त्वं कोर्टात बजावून घेता येणार नाहीत. म्हणजे खडूसरावांची हरकत आपल्या घटनेनं अर्धी मान्य केलेली आहे.

त्या दोन कपाटांमधली भिंत मुंबईच्या फुटपाथवर फुटली. जुलै १९८१ मध्ये, ऐन पावसाळ्यात, पदपथावरच्या लोकांना उठवून बसमध्ये घालून आपापल्या गावी पाठवायचं सरकारनं जाहीर केलं. पत्रकार ओल्गा टेलिस आणि पदपथावर राहणारी माणसं कोर्टात गेली. त्यांचा युक्तिवाद साधा होता: आम्ही इथं राहतो कारण काम इथं आहे, जागा काढली की काम जातं, काम गेलं की जीव जातो. १० जुलै १९८५ ला सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठानं हे मान्य केलं. उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात, म्हणजे २१ व्या कलमात येतो.

इथपर्यंत सगळे विद्यार्थी लिहितात आणि पैकीच्या पैकी मार्क घेतात. पुढचं पान कमी वाचलं जातं. त्याच निकालात कोर्टानं म्हटलं की पदपथ मोकळे करणं अवैध नाही, रीतसर पद्धत पाळून करता येईल. मिळालं काय, तर ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत मुदत. पावसाळा संपून महिना होईपर्यंत. तत्त्व जिंकलं, झोपडी गेली.

दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण याहून बोचतं. त्यांच्या घटनेत घराचा हक्क सरळ लिहिलेला आहे. आयरीन ग्रूटबूम या बेघर बाईंच्या नावाचा २००० चा निकाल जगभर शिकवतात: सरकारच्या गृहयोजनेत अगदी उघड्यावर पडलेल्यांसाठी काहीच नाही, म्हणून ती घटनेत बसत नाही. ग्रूटबूम २००८ मध्ये वारल्या तेव्हाही झोपडीतच होत्या.

खडूस_करदाता

मग मुद्दा माझाच सिद्ध झाला ना! हक्क लिहून घर मिळत नाही. त्यापेक्षा चांगली योजना, चांगली अंमलबजावणी, आणि गरिबीरेषेखाली नेमके किती याचा नीट आकडा.

गाळीव_विद्यार्थी

आकड्याचं ऐका. पुण्यात गोखले इन्स्टिट्यूटमध्ये दांडेकर आणि रथ यांनी १९७१ मध्ये हिशेब मांडला: माणसाला दिवसाला २२५० कॅलरी मिळायला १९६०-६१ च्या भावानं गावात महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये खर्च. पुढे २०११ मध्ये नियोजन आयोगानं सर्वोच्च न्यायालयात शहरासाठी दिवसाला ३२ आणि गावासाठी २६ रुपये सांगितले आणि देशभर हसं झालं. मला हसण्यापेक्षा दुसरंच खटकतं. रेषा सांगते माणसाकडे किती आहे. तो काय मागू शकतो हे रेषेला माहीत नाही. मावशी तांदूळ मिळाल्यावर त्या महिन्यापुरत्या रेषेच्या वर आल्या असतील कदाचित.

याहून जुना आणि जास्त टोकदार हिशेब दादाभाई नौरोजींचा. १८७० च्या दशकात त्यांनी हिंदुस्थानातलं माणशी उत्पन्न वर्षाला सुमारे २० रुपये काढलं आणि ते कशाशी ताडून पाहिलं? तुरुंगातल्या कैद्याच्या खाण्याकपड्याच्या खर्चाशी. बाहेरच्या मोकळ्या माणसाला कैद्याइतकंही मिळत नव्हतं. कैद्याला का मिळत होतं? तो जास्त भुकेला होता म्हणून नव्हे. तो सरकारच्या नोंदवहीत होता. त्याच्या जेवणाला जबाबदार कोण हे ठरलेलं होतं.

अमर्त्य सेन १९८१ मध्ये १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाबद्दल जे म्हणाले त्याची जातकुळी हीच. धान्य कमी पडलं म्हणून माणसं मेली असं नाही. त्या धान्यापर्यंत पोचायची वाट मजुराकडे, कोळ्याकडे, कारागिराकडे उरली नव्हती.

ऱ्हाईनकाठी

जर्मनीतून. इथली गोष्ट खडूसरावांना आवडणार नाही म्हणून मुद्दाम सांगतो.

९ फेब्रुवारी २०१० ला इथल्या घटना न्यायालयानं निकाल दिला की सन्मानानं जगायला लागणारं किमान मिळणं हा माणसाचा हक्क आहे, आणि त्या किमानात भाकरी-छप्पराबरोबर समाजात, सांस्कृतिक जीवनात थोडाफार भाग घेता येणं हेही धरायचं. रक्कम किती हे न्यायालयानं सांगितलं नाही. ते म्हणालं, रक्कम सरकारनं ठरवावी, पण कशी काढली ते उघड आणि पटेल असं दाखवावं. मुलांसाठीचा आकडा मोठ्यांच्या आकड्याची टक्केवारी काढून ठोकून दिला होता, त्यावर फार कडक ताशेरे आहेत. मुलाला वह्या लागतात, मोठ्याला नाही, हे कोणी मोजलंच नव्हतं.

चिंचपोकळीकर

म्हणजे सिनेमाचं तिकीट पण मूलभूत गरज? चला, जर्मनीला.

ऱ्हाईनकाठी

हसा. अॅडम स्मिथनं १७७६ मध्ये लिहून ठेवलंय की त्याच्या काळातल्या साध्या मजुरालाही लिननच्या सदऱ्याशिवाय चारचौघांत जायची लाज वाटेल. सदरा नसला म्हणून कोणी मरत नाही. पण तो गरजेतच धरावा लागतो. आज मावशींच्या बाबतीत तो सदरा म्हणजे स्वतःच्या नावावरचा मोबाइल.

माणदेशी

खडूसराव, एक काम करा. पगाराची स्लिप काढा. त्यात व्यवसाय कर म्हणून एक ओळ असेल, महिन्याला २०० रुपये. तो कर महाराष्ट्रात १९७५ ला बसवला तो रोजगार हमीसाठी. शहरातल्या पगारदारानं गावातल्या मजुराच्या हमीचा वाटा उचलायचा म्हणून. तुम्ही विचारत होता ना, कर्तव्य कोणावर? तुमच्याच स्लिपवर छापलेलं आहे.

खडूस_करदाता

बघितली. फेब्रुवारीत ३०० आहेत, वर्षाचे २५०० व्हावेत म्हणून. बावीस वर्षं कापले जातायत. कशासाठी ते आयुष्यात कधी विचारलं नाही.

बरं, एवढं मान्य करतो की हमी लिहिलेली असेल, कर नेमून दिलेला असेल तर त्याला दान म्हणता येणार नाही. ते येणंच झालं. पण मग माझाही एक प्रश्न. माझे पैसे गेले, कुठे गेले? मला पोच कोण देतं?

माणदेशी

आता आलात रांगेत! :) तुमची पोच म्हणजे हजेरीपट. कोण किती दिवस कामावर होतं हे गावात सगळ्यांसमोर वाचून दाखवायचं असतं. वाचलं की मेलेली माणसं आणि मुंबईला गेलेली माणसं त्यातून उठून निघून जातात. म्हणून तर वाचत नाहीत.

काळा_कोट

अवांतर वाटेल, पण आहे विषयाचंच. गरज आणि हक्क यांतला फरक मराठी माणसाला परदेशी विचारवंतांकडून शिकायची गरज नाही. महाडला चला.

१९२३ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात सदस्य सी. के. बोले यांचा ठराव झाला: सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर हक्क आला. २० मार्च १९२७ पर्यंत त्या पाण्याला हात लावायची सोय नव्हती, आणि लावल्यावर डोकी फुटली. कोर्टाचं शेवटचं उत्तर मिळायला १९३७ उजाडलं.

१९२७ च्याच डिसेंबरमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेब जे बोलले त्याचा आशय असा: चवदार तळ्याचं पाणी प्यालो नाही म्हणून आजवर आम्ही मेलो नाही. आम्ही तिकडे जातोय ते आम्हीही इतरांसारखी माणसं आहोत हे ठरवायला. तहान भागवायची असती तर कोणी दयाळू माणसानं वरून ओतलेलं पाणी ओंजळीत घेणं चालूच होतं की. पाणी तेच. ओंजळ खाली आणि घागर वर.

ओसरी

ओंजळ खाली आणि घागर वर. मी १० किलोची पिशवी दिली तेव्हा हेच होतं, फक्त मला ते प्रेम वाटत होतं. (प्रेमही होतं, तेवढं मला राहू द्या.)

सगळ्यांचं वाचून काल मावशींना घेऊन पुरवठा कार्यालयात गेले. अर्ज मी लिहिला, दोन प्रतींत: अंगठा उमटत नाही, मोबाइल नंबर बदलून मिळावा, मागच्या महिन्याचं धान्य मिळालेलं नाही, अन्न सुरक्षा कायद्यात धान्य न दिल्यास भत्ता आहे तो मिळावा. भत्त्याची ओळ काळा_कोट यांनी खाजगी निरोपातून सुचवलेली, आभार. टेबलावरच्या गृहस्थांनी अर्ज घेतला, वाचला, चांगले बोलले. मावशींना बसायला खुर्ची दिली. नंबर बदलून घ्यायचं कामही लगेच सांगितलं. मग मी दुसरी प्रत पुढे केली आणि म्हटलं, यावर शिक्का द्या.

माणदेशी, तुमची शपथ, चेहरा बदलला. 'मॅडम, काम करतोय ना मी? शिक्क्याचं काय लोणचं घालणार?' मी गप्प बसले. खरं सांगायचं तर मला अवघडल्यासारखं झालं. एवढा चांगला वागणारा माणूस, कशाला ताणा. मी प्रत पर्समध्ये ठेवायला लागले.

मावशी उठल्या नाहीत. खुर्चीत बसूनच म्हणाल्या, 'साहेब, मारा की शिक्का. मशीनला माझा अंगठा दिसत नाही, कागदाला तरी दिसू दे.'

आवक क्रमांक पडला, तारीख पडली, निळा गोल शिक्का. मावशींनी प्रत चौघडी केली, रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत घातली, पिशवी कमरेला. रिक्षात विचारलं, 'ताई, हा कागद किती दिवस चालतो?'

माणदेशी

धान्य मिळालं का?

ओसरी

अजून नाही. आज दुसरा दिवस.